व्हाइटचॅपल हत्याकांड

व्हाइटचॅपल हत्याकांड ही लंडनच्या ईस्ट एंड भागातील व्हाइटचॅपल व त्याच्या लगतच्या वस्त्यांत एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळात घडलेल्या अकरा स्त्रियांच्या मृत्यूंची मालिका आहे. लंडनच्या महानगर पोलीस दलाने या अकराही घटनांची कागदपत्रे एकाच शीर्षकाखाली ठेवली होती. यांपैकी एकाही प्रकरणात कोणावर गुन्हा सिद्ध झाला नाही. अकरांपैकी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या दहा आठवड्यांत झालेल्या पाच हत्या सामान्यतः एकाच व्यक्तीने केल्या असे मानले जाते. ही अज्ञात व्यक्ती जगभर ‘जॅक द रिपर’, म्हणजे चिरफाड करणारा जॅक, या नावाने ओळखली जाते. हे नाव एका निनावी पत्रातून आले आणि पाच हा आकडा पुढे पोलीस अधिकाऱ्यांच्या टिपणांतून रूढ झाला. त्यामुळे या प्रकरणात खुनी कोण, या प्रश्नाइतकाच त्याने नेमक्या किती हत्या केल्या, हा प्रश्नही वादाचा राहिला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट एंड हा लंडनचा सर्वांत दाट आणि सर्वांत दरिद्री भाग होता. गोदीतील हमाली, कत्तलखाने, शिवणकाम आणि रोजंदारी यांवर तेथील कुटुंबे जगत. आयर्लंडमधून आलेले मजूर तेथे पूर्वीपासून होते. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील ज्यूविरोधी दंगलींमुळे पळून आलेल्या ज्यू निर्वासितांची त्यांत भर पडली. घरभाडी वाढली, मजुरीचे दर घसरले आणि परक्यांविषयीचा रोष वाढत गेला.

ज्यांना खोली भाड्याने घेणे परवडत नसे, ते ‘कॉमन लॉजिंग हाउस’ म्हटल्या जाणाऱ्या स्वस्त रात्रनिवासांत राहत. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे १८८८ साली व्हाइटचॅपलमध्ये अशी २३३ रात्रनिवासे होती आणि त्यांत दररोज रात्री सुमारे ८,५०० माणसे झोपत. एका खाटेचे एका रात्रीचे भाडे चार पेनी होते. ते भाडे रोजच्या रोज आगाऊ द्यावे लागे. ज्याच्याजवळ पैसे नसत, त्याला मध्यरात्रीनंतरही रस्त्यावर काढले जाई. पुढे सांगितलेल्या हत्यांतील अनेक स्त्रिया त्या वेळी रस्त्यावर का होत्या, याचे उत्तर बव्हंशी या चार पेनींत आहे. याच सुमारास पोलिसांनी या विभागात ६२ वेश्यागृहे आणि सुमारे १,२०० वेश्या असल्याचा अंदाज केला होता. परंतु उपाशी स्त्रीने गरजेपोटी कधीतरी केलेला सौदा आणि नियमित व्यवसाय यांतील फरक अशा मोजणीत दिसत नसे.

पोलीस दलाची लोकप्रियताही त्या काळी उतरणीला लागली होती. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रॅफल्गर चौकातील निदर्शकांवर पोलीस व लष्कराने बळाचा वापर केला. तो दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्या कारवाईमुळे पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन हे जहाल वृत्तपत्रांच्या टीकेचे लक्ष्य झाले होते. गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रमुख जेम्स मन्रो यांनी वॉरन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे ऑगस्ट १८८८ मध्ये राजीनामा दिला. मन्रो पूर्वी बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. त्यांच्या जागी आलेले रॉबर्ट अँडरसन प्रकृतीच्या कारणाने लगेच स्वित्झर्लंडला रजेवर गेले. हत्यांचा जोर असताना तपास विभागाचा प्रमुख महिनाभर देशाबाहेर होता.

पहिल्या दोन घटना

३ एप्रिल १८८८ रोजी पहाटे एमा एलिझाबेथ स्मिथ या स्त्रीवर ऑस्बर्न स्ट्रीटवर काही पुरुषांच्या टोळीने हल्ला करून तिला लुटले. ती चालत आपल्या रात्रनिवासापर्यंत पोहोचली. तिला लंडन हॉस्पिटलमध्ये नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. मरण्यापूर्वी तिने हल्लेखोर एकाहून अधिक असल्याचे स्वतः सांगितले होते. त्यामुळे ही हत्या पोलिसांच्या यादीत पहिली असली तरी बहुतेक अभ्यासक तिचा संबंध पुढील हत्यांशी जोडत नाहीत.

७ ऑगस्ट रोजी जॉर्ज यार्ड येथील इमारतीच्या जिन्यात मार्था टॅब्रम हिचे प्रेत सापडले. तिच्या अंगावर भोसकल्याच्या ३९ जखमा होत्या. ती रात्री एका सैनिकाबरोबर दिसली होती, म्हणून सैनिकांची ओळखपरेड घेण्यात आली. परंतु त्यातून काही निष्पन्न झाले नाही. गळा चिरलेला नसल्याने टॅब्रमला बराच काळ वेगळे मानले गेले. अलीकडील काही अभ्यासक मात्र स्थळ, वेळ आणि हल्ल्याची तीव्रता पाहून ती पहिली बळी असावी असे म्हणतात.

३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८

३१ ऑगस्ट रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास बक्स रो या काळोख्या रस्त्यावर कामाला निघालेल्या एका गाडीवानाला मेरी अ‍ॅन निकोल्स हिचे प्रेत दिसले. तिचा गळा चिरलेला होता. पोटावरील जखमा मात्र प्रेत शवागारात नेल्यानंतरच लक्षात आल्या. निकोल्स त्रेचाळीस वर्षांची होती. मुद्रणालयात काम करणाऱ्या पतीपासून विभक्त झाल्यावर तिचे आयुष्य वर्कहाउस, घरकामाची नोकरी आणि रात्रनिवास यांत गेले होते. त्या रात्री भाड्याचे पैसे नसल्याने तिला थ्रॉल स्ट्रीटवरील निवासातून बाहेर काढण्यात आले होते. आपल्याकडे नवी टोपी आहे, पैसे लवकरच मिळतील, असे ती हसत म्हणाल्याची नोंद आहे.

८ सप्टेंबर रोजी सकाळी सहाच्या सुमारास हॅन्बरी स्ट्रीटवरील २९ क्रमांकाच्या घराच्या मागील अंगणात अ‍ॅनी चॅपमन हिचे प्रेत आढळले. त्या घरात सतरा माणसे राहत होती आणि कोणालाही काही कळले नव्हते. चॅपमन एका कोचमनची पत्नी होती. विभक्त झाल्यावर पती तिला आठवड्याला दहा शिलिंग देत असे. १८८६ च्या अखेरीस तो मरण पावला आणि ही रक्कम बंद झाली. त्यानंतर ती विणकाम करून व फुले विकून पोट भरत असे. शवविच्छेदनात तिला फुप्फुसांचा गंभीर आजार असल्याचे आढळले. तिचे गर्भाशय काढून नेलेले होते. यावरून मारेकऱ्याला शरीररचनेचे ज्ञान असावे, असे पोलीस शल्यचिकित्सक जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांचे मत झाले. मृत्यू पहाटे साडेचारपूर्वी झाला असावा, असा त्यांचा अंदाज होता. परंतु साडेपाच वाजता तिला एका पुरुषाशी बोलताना पाहिल्याचे एका स्त्रीने शपथेवर सांगितले. ही विसंगती आजतागायत सुटलेली नाही. मृत्यूची वेळ शरीराच्या तापमानावरून ठरविण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

३० सप्टेंबरच्या पहाटे तासाभराच्या आत दोन हत्या झाल्या. बर्नर स्ट्रीटवरील डटफील्ड्स यार्ड या आवारात रात्री एकच्या सुमारास लुई डीमशुट्झ आपली तट्टूगाडी घेऊन शिरला. तट्टू बुजले, पाहतो तो एलिझाबेथ स्ट्राइड हिचे प्रेत पडलेले. गळ्यावरील जखमेव्यतिरिक्त शरीरावर चिरफाड नव्हती. गाडीच्या चाहुलीने मारेकरी पळाला असावा, असा तर्क तेव्हापासून केला जातो. ही हत्या दुसऱ्याच कोणी केली असावी, असे मानणारेही आहेत. त्याआधी पंधरा मिनिटे त्याच ठिकाणी एका स्त्रीला पुरुषाने खाली पाडल्याचे पाहिल्याची जबानी इस्रायल श्वार्ट्झ या स्थलांतरिताने दिली होती. स्ट्राइडचा जन्म १८४३ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गजवळ झाला होता. १८७८ साली थेम्स नदीत झालेल्या ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ या जहाजाच्या दुर्घटनेत आपला पती व मुले बुडाली, असे ती सांगत असे. प्रत्यक्षात तिचा पती १८८४ मध्ये आजाराने वारला होता.

तेथून पायी सुमारे पाव तासाच्या अंतरावर, मायटर चौकात, पावणेदोनच्या सुमारास गस्तीवरील शिपायाला कॅथरिन एडोज हिचे प्रेत सापडले. तो शिपाई पंधरा मिनिटांपूर्वीच त्या चौकातून गेला होता आणि तेव्हा तेथे काहीही नव्हते. एडोज आपल्या साथीदारासह केंट परगण्यातील हॉप पिकाच्या तोडणीवरून नुकतीच परतली होती. हाती पैसा उरला नव्हता, साथीदाराचे बूट गहाण पडले होते. आदल्या संध्याकाळी दारूच्या नशेत रस्त्यावर पडलेली आढळल्याने तिला बिशप्सगेट पोलीस चौकीत ठेवले होते. शुद्धीवर आल्यावर रात्री एक वाजता तिला सोडून देण्यात आले. त्यानंतर पाऊण तासाच्या आत ती मेली होती. तिच्या चेहऱ्यावरही वार होते. डावे मूत्रपिंड आणि गर्भाशयाचा मोठा भाग काढून नेलेला होता.

पाचवी हत्या ९ नोव्हेंबर रोजी झाली. डॉर्सेट स्ट्रीटलगतच्या मिलर्स कोर्टमधील १३ क्रमांकाच्या खोलीचे २९ शिलिंग भाडे थकले होते. ते मागायला आलेल्या माणसाला खिडकीतून मेरी जेन केली हिचे प्रेत दिसले. ती सुमारे पंचवीस वर्षांची होती. मालिकेत घरात मारली गेलेली ती एकटीच. बंद खोलीत मारेकऱ्याला वेळ मिळाल्याने शरीराची अवस्था सर्वांत भीषण होती. रक्तशोधक कुत्रे येणार या समजुतीने पोलीस तासन्‌तास बाहेर थांबले. कुत्रे यायचे नव्हतेच, हे दुपारी दीडच्या सुमारास कळल्यावर दार फोडण्यात आले. केलीने स्वतःविषयी सांगितलेली हकिगत, म्हणजे लिमरिक येथील जन्म, वेल्समधील बालपण, खाणीच्या स्फोटात मेलेला पती, यांपैकी काहीही नोंदींवरून सिद्ध झालेले नाही. हे तिचे खरे नाव होते का, हेही निश्चित नाही.

नंतरच्या घटना

केलीनंतर आणखी चार प्रकरणे पोलिसांनी याच यादीत घातली. २० डिसेंबर १८८८ रोजी पॉप्लर येथे रोझ मायलेट मृतावस्थेत सापडली. कोरोनरच्या ज्युरीने गळा दाबून खून झाल्याचा निर्णय दिला, तर अँडरसन यांच्या मते मृत्यू अपघाती होता. १७ जुलै १८८९ रोजी कॅसल अ‍ॅलीत अ‍ॅलिस मॅकेन्झी हिची हत्या झाली. १० सप्टेंबर १८८९ रोजी पिंचिन स्ट्रीटवरील रेल्वेच्या कमानीखाली एका स्त्रीचे शिर व पाय नसलेले धड मिळाले. तिची ओळख कधीच पटली नाही. १३ फेब्रुवारी १८९१ रोजी स्वॉलो गार्डन्स येथे फ्रान्सिस कोल्स हिचा गळा चिरलेला आढळला. जेम्स सॅडलर या खलाशाला या प्रकरणी अटक झाली, पण पुराव्याअभावी त्याला सोडून देण्यात आले.

तपास

तपासाची एकंदर जबाबदारी मुख्य निरीक्षक डॉनल्ड स्वॉन्सन यांच्याकडे होती. ईस्ट एंडची माहिती असलेले निरीक्षक फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन यांना प्रत्यक्ष जागेवर पाठविण्यात आले. ऑक्टोबर १८८८ मधील स्वॉन्सन यांच्या अहवालानुसार ८०,००० हस्तपत्रके वाटण्यात आली, रात्रनिवासांतील २,००० हून अधिक लोकांकडे चौकशी झाली, सुमारे ३०० जणांच्या हालचाली तपासल्या गेल्या आणि ८० जणांना ताब्यात घेण्यात आले. खाटीक व कत्तलखान्यांतील ७६ मालकांना पोलीस भेटले. या आकड्यांवरून पोलीस स्वस्थ बसले होते असे म्हणता येत नाही. अडचण साधनांची होती. बोटांचे ठसे, रक्तगट, मानवी व प्राण्यांचे रक्त ओळखणारी चाचणी, यांपैकी काहीही १८८८ मध्ये पोलिसांच्या हाती नव्हते. ठशांची वर्गीकरण पद्धत पुढे बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी विकसित केली. १८९७ मध्ये कोलकात्यात तिचे कार्यालय सुरू झाले आणि १९०१ मध्ये ती स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. खुनी जागेवर पकडला जाणे किंवा कोणीतरी फितूर होणे, हेच त्या काळी शोध लागण्याचे मुख्य मार्ग होते.

पुरावा जपण्याची शिस्तही ढिली होती. निकोल्स आणि चॅपमन या दोघींची प्रेते डॉक्टरांनी पूर्ण तपासण्यापूर्वीच शवागारात धुण्यात आली. घटनास्थळीच छायाचित्र घेतले गेले ते फक्त केलीच्या बाबतीत.

मायटर चौक हा सिटी ऑफ लंडनच्या हद्दीत येत असल्याने एडोजची हत्या स्वतंत्र अशा सिटी पोलीस दलाकडे गेली. एकाच रात्रीच्या दोन हत्यांचा तपास दोन दले करू लागली. याचा परिणाम लगेच दिसला. त्याच पहाटे तीनच्या सुमारास, महानगर पोलिसांच्या हद्दीतील गुल्स्टन स्ट्रीटवर, एडोजच्या अंगावरील अ‍ॅप्रनचा रक्ताने माखलेला तुकडा सापडला. त्याच्या वर भिंतीवर खडूने ज्यू लोकांविषयीचे एक संदिग्ध वाक्य लिहिलेले होते. सिटी पोलिसांना उजाडेपर्यंत थांबून त्याचे छायाचित्र घ्यायचे होते. सकाळी बाजार भरल्यावर ते वाचून ज्यूंवर हल्ले होतील, या भीतीने आयुक्त वॉरन यांनी छायाचित्र न घेताच मजकूर पुसून टाकण्याचा आदेश दिला. तो मजकूर खुन्याचा होता की आधीपासून भिंतीवर होता, हे त्यामुळे कायमचे अनिर्णित राहिले. वॉरन यांच्यावर यासाठी बरीच टीका झाली आहे. परंतु ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाच्या संशयितावरून वस्तीत ज्यूविरोधी भावना त्याआधीच भडकली होती आणि जॉन पायझर या निर्दोष ज्यू चर्मकाराला सप्टेंबरात अटक होऊन सुटकाही झाली होती. ही परिस्थिती पाहता त्यांची भीती निराधार नव्हती.

प्रत्येक मृत्यूची जाहीर चौकशी कोरोनर आणि ज्युरीपुढे झाली. ब्रिटिश अमलात मुंबई व कोलकाता येथेही कोरोनरची पद्धत होती, त्यामुळे हे पद मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. कोरोनर विन बॅक्स्टर यांच्या चौकश्या लांब व तपशीलवार असत. या स्त्रियांच्या आयुष्याविषयी आज जे काही ज्ञात आहे, त्यातील बराच भाग या चौकश्यांतील साक्षींच्या वृत्तपत्रांनी छापलेल्या वृत्तांतांतून आलेला आहे. केलीची चौकशी मात्र दुसऱ्या कोरोनरने एकाच दिवसात आटोपली.

बक्षीस जाहीर करण्यास गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज यांनी नकार दिला. खोट्या माहितीला उत्तेजन मिळते, या कारणाने ती प्रथा काही वर्षांपूर्वीच सोडून देण्यात आली होती. सिटीच्या प्रशासनाने मात्र ५०० पौंडांचे बक्षीस लावले. स्थानिक व्यापाऱ्यांनी जॉर्ज लस्क यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती स्थापून रात्रीची गस्त सुरू केली. वॉरन यांचा राजीनामा केलीच्या हत्येच्या दिवशीच जाहीर झाला. तो हत्यांमुळे दिला असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात तात्कालिक कारण गृहखात्याच्या परवानगीशिवाय त्यांनी प्रसिद्ध केलेला एक लेख हे होते. त्यांच्या जागी मन्रो आयुक्त झाले.

वृत्तपत्रे आणि ‘जॅक द रिपर’ हे नाव

१८७० च्या शिक्षण कायद्यानंतर साक्षरता वाढली होती आणि अर्ध्या पेनीला मिळणारी सायंदैनिके मजुरांच्याही हाती जात होती. जानेवारी १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘द स्टार’ने हत्यांच्या बातम्यांवर खप वाढविला. ‘लेदर एप्रन’ची कहाणी गाजविण्यात त्याचा मोठा वाटा होता.

२७ सप्टेंबर रोजी सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेला लाल शाईत लिहिलेले एक पत्र मिळाले. त्याखाली ‘जॅक द रिपर’ अशी सही होती. संस्थेने ते दोन दिवसांनी पोलिसांकडे पाठविले. पाठोपाठ त्याच सहीचे एक पोस्टकार्ड आले. अक्षर ओळखणारा कोणी भेटेल, या आशेने पोलिसांनी दोन्हींच्या प्रतिकृती छापून भिंतींवर लावल्या. कोणीही पुढे आले नाही. पण नाव मात्र सर्वतोमुखी झाले आणि पोलिसांवर शेकडो बनावट पत्रांचा वर्षाव सुरू झाला. ब्रॅडफर्ड येथे अशी पत्रे लिहिल्याबद्दल एका तरुणीवर कारवाई झाली. मूळ पत्र एखाद्या पत्रकाराचेच काम असावे, असे पुढे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे मत झाले. माजी मुख्य निरीक्षक जॉन लिटलचाइल्ड यांनी १९१३ मध्ये एका खासगी पत्रात सेंट्रल न्यूजशी संबंधित दोघांची नावेही घेतली.

१६ ऑक्टोबर रोजी लस्क यांना एका लहान खोक्यातून अर्धे मूत्रपिंड आणि ‘नरकातून’ असा पत्ता घातलेले पत्र मिळाले. या पत्रावर ‘जॅक द रिपर’ अशी सही नाही. लंडन हॉस्पिटलचे डॉ. टॉमस ओपनशॉ यांनी तो अवयव तपासला. तो एडोजचा होता की वैद्यकीय विद्यार्थ्यांनी केलेली क्रूर थट्टा होती, हे ठरविता आले नाही.

पाच हा आकडा

आज बहुतेक पुस्तके पाच बळी गृहीत धरून सुरू होतात. या आकड्याचा पहिला आधार पोलीस शल्यचिकित्सक टॉमस बॉन्ड यांचा १० नोव्हेंबर १८८८ चा अहवाल हा आहे. केलीचे प्रेत स्वतः तपासून आणि आधीच्या चार प्रकरणांची टिपणे वाचून त्यांनी पाचही हत्या एकाच हाताच्या असल्याचे लिहिले. मारेकऱ्याच्या स्वभावाचे व राहणीचे अनुमानही त्यांनी मांडले. गुन्हेगाराचे मानसचित्र रेखाटण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न मानला जातो. त्याला शरीररचनेचे कसलेही ज्ञान नव्हते, खाटकाइतकेही नव्हते, असे बॉन्ड यांनी म्हटले. फिलिप्स यांच्या मताच्या हे अगदी उलट आहे. मॅकेन्झीच्या बाबतीतही दोघांचे मतभेद झाले. बॉन्ड यांनी तिला मालिकेत धरले, फिलिप्स यांनी नाही.

दुसरा आणि अधिक प्रभावी आधार म्हणजे सर मेलव्हिल मॅक्नाटन यांचे २३ फेब्रुवारी १८९४ चे टिपण. एका वृत्तपत्राने टॉमस कटबुश या मनोरुग्णाला खुनी ठरविले होते, त्याला उत्तर म्हणून ते लिहिले गेले. खुन्याचे बळी पाच आणि पाचच होते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. परंतु मॅक्नाटन स्कॉटलंड यार्डमध्ये रुजू झाले ते जून १८८९ मध्ये. त्यापूर्वी ते बंगालमधील कौटुंबिक मालमत्तेची व्यवस्था पाहत होते. या पाच हत्यांच्या तपासात त्यांचा प्रत्यक्ष भाग नव्हता. इतिहासकारांनी त्यांच्या वाक्याला दिलेले वजन त्यामुळे काहीसे अधिकच वाटते.

संशयित

मॅक्नाटन यांनी कटबुशपेक्षा अधिक संशयास्पद म्हणून तीन नावे दिली. त्यांपैकी मॉन्टॅग्यू जॉन ड्रुइट याचे प्रेत ३१ डिसेंबर १८८८ रोजी थेम्स नदीत सापडले. टिपणात त्याला सुमारे ४१ वर्षांचा डॉक्टर म्हटले आहे. तो ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळाशिक्षक होता. मायकेल ऑस्ट्रॉग हा हत्यांच्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तिसरे नाव कॉझ्मिन्स्की या पोलिश ज्यूचे. अँडरसन यांनी १९१० मधील आठवणींत खुनी एक पोलिश ज्यू होता असे लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या समासात स्वॉन्सन यांनी कॉझ्मिन्स्की हे नाव टिपले. मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर तो लवकरच मेला, असेही त्यांनी लिहिले आहे. पण नोंदींत सापडणारा एरन कॉझ्मिन्स्की १८९१ मध्ये दाखल झाला आणि १९१९ पर्यंत जिवंत होता. अ‍ॅबरलाइन यांचा संशय पत्नींवरील विषप्रयोगासाठी १९०३ मध्ये फाशी गेलेल्या सेव्हेरिन क्लोसोव्स्की ऊर्फ जॉर्ज चॅपमन याच्यावर होता, तर लिटलचाइल्ड यांनी फ्रान्सिस टम्बल्टी या अमेरिकन वैदूचे नाव घेतले. एकाच दलातील अधिकाऱ्यांत एकमत नव्हते, यावरून त्यांच्यापैकी कोणाकडेही निर्णायक पुरावा नसावा असे दिसते.

विसाव्या शतकात संशयितांची संख्या शंभरावर गेली. राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याचे नाव १९७० पासून गाजले. परंतु ३० सप्टेंबर १८८८ रोजी तो स्कॉटलंडमध्ये होता. राजघराण्याच्या कटाची कथा सांगणाऱ्या जोसेफ सिकर्ट यानेच १९७८ मध्ये ती बनावट असल्याचे कबूल केले. लिव्हरपूलचा व्यापारी जेम्स मेब्रिक याची म्हणून १९९० च्या दशकात पुढे आलेली रोजनिशीही बहुतेक तज्ज्ञ बनावट मानतात. एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शालीवरील डीएनए कॉझ्मिन्स्कीच्या कुटुंबाशी जुळतो, असा दावा २०१४ मध्ये झाला आणि २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंधही निघाला. पण ती शाल घटनास्थळी असल्याची समकालीन नोंद नाही, ती अनेक हातांतून गेलेली आहे, आणि तपासलेला मातृवंशीय डीएनए असंख्य लोकांत सारखाच असू शकतो. त्यामुळे हा दावा सर्वमान्य झालेला नाही.

बळी ठरलेल्या स्त्रिया

या स्त्रियांचे वर्णन दीर्घकाळ ‘वेश्या’ एवढ्याच शब्दात केले गेले. ब्रिटिश इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी ‘द फाइव्ह’ या २०१९ च्या ग्रंथात पाचही जणींची चरित्रे मांडली आणि त्यांपैकी तिघींनी वेश्याव्यवसाय केल्याचा भक्कम पुरावा नाही, असे प्रतिपादन केले. या ग्रंथाला बेली गिफर्ड पुरस्कार मिळाला. रुबेनहोल्ड यांचा हा निष्कर्ष सर्व अभ्यासकांना मान्य नाही. निकोल्सच्या अखेरच्या रात्रीविषयीच्या साक्षींचा अर्थ त्यांनी आपल्या मताला सोयीस्कर असा लावला, असे टीकाकार म्हणतात. तरीही केली वगळता चौघी चाळिशी ओलांडलेल्या होत्या, मोडलेले संसार मागे टाकून आलेल्या होत्या आणि चौघींनाही दारूच्या व्यसनाने ग्रासले होते, हे कागदपत्रांवरून स्पष्ट होते. पतीपासून विभक्त झालेल्या निर्धन स्त्रीला त्या काळी वर्कहाउस किंवा रस्ता यांखेरीज फारसा आसरा नव्हता.

परिणाम आणि स्मृती

हत्यांमुळे ईस्ट एंडच्या दारिद्र्याकडे सुखवस्तू लंडनचे लक्ष वेधले गेले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी २४ सप्टेंबर १८८८ च्या ‘स्टार’मधील पत्रात यावर बोचरा उपरोध केला होता: समाजसुधारकांना वर्षानुवर्षे जे जमले नाही, ते एका खुन्याने काही आठवड्यांत साधले, असा त्याचा आशय होता. केलीच्या हत्येनंतर राणी व्हिक्टोरियाने पंतप्रधानांना तार करून गल्लीबोळांत दिवे लावण्याची आणि गुप्त पोलीस सुधारण्याची मागणी केली. पुढील दशकात फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटसारख्या बदनाम गल्ल्यांतील जुनी रात्रनिवासे पाडून तेथे नव्या इमारती उभारण्यात आल्या. तेथून हललेले सर्वांत गरीब रहिवासी बहुधा शेजारच्याच गल्ल्यांत दाटीने राहू लागले.

सिटी पोलिसांची बहुतेक कागदपत्रे दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात नष्ट झाली. महानगर पोलिसांची उरलेली कागदपत्रे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतूनही बरेच कागद मधल्या काळात गहाळ झाले होते. ‘जॅक द रिपर’ सहीचे मूळ पत्र १९८७ मध्ये कोणीतरी नाव न देता टपालाने पोलिसांकडे परत पाठविले. बक्स रोचे नाव रहिवाशांच्या मागणीवरून १८९२ मध्ये डरवर्ड स्ट्रीट असे बदलण्यात आले, मिलर्स कोर्ट १९२८ मध्ये पाडण्यात आले. या भागात आज रोज संध्याकाळी पर्यटकांच्या पदयात्रा निघतात. २०१५ मध्ये केबल स्ट्रीटवर या हत्यांवर आधारित संग्रहालय उघडले, तेव्हा स्थानिक लोकांनी त्यापुढे निदर्शने केली. इमारतीच्या परवानगीसाठी दिलेल्या अर्जात तेथे ईस्ट एंडमधील स्त्रियांच्या इतिहासाचे संग्रहालय होणार असल्याचे म्हटले होते.